चार आणे आणि पंधरा माणसे : काँग्रेसची १९२० ची घटना

स्वयंसेवी कार्यकर्त्यांच्या बळावर चालणारी संस्था वाढली की तिच्यापुढे एक पेच उभा राहतो. दार सर्वांना उघडावे, तर निर्णय लवकर होत नाहीत. निर्णय थोड्यांच्या हाती द्यावेत, तर बाकीचे केवळ हुकमाचे ताबेदार होतात. काँग्रेसने १९२० साली या पेचातून कोणती वाट काढली, ते या पाठात पाहू.

१८८५ मध्ये मुंबईत ७२ प्रतिनिधींनिशी सुरू झालेली काँग्रेस पुढे बराच काळ मुख्यतः वार्षिक अधिवेशनापुरतीच जागी असे. ठराव होत, प्रतिनिधी घरी परतत, आणि ठरावांचा पाठपुरावा वर्षभर करणारी भक्कम यंत्रणा नसे. असहकारासारखी देशव्यापी चळवळ अशा संस्थेला पेलणे कठीण होते.

नवी घटना तयार करण्याचे काम गांधीजींकडे आले. त्यांनी लोकमान्य टिळक आणि चित्तरंजन दास यांच्या विश्वासातील माणसे सोबत मागितली, त्यांत न. चिं. केळकर होते. गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे की, ही समिती एकदाही एकत्र बसू शकली नाही. पत्रव्यवहारातूनच एकमताचा अहवाल तयार झाला. डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनात नवी घटना मंजूर झाली.

तिच्यातील मुख्य बदल असे :

१. वार्षिक वर्गणी चार आणे ठरली. त्यामुळे सामान्य माणसालाही सभासद होता येऊ लागले.

२. गाव, तालुका, जिल्हा आणि प्रांत अशा पायऱ्यांनी समित्यांची रचना झाली.

३. प्रांत भाषेच्या आधारे नव्याने आखून २१ करण्यात आले. मराठी भाषकांचे काम मात्र एकाच समितीत आले नाही. महाराष्ट्र, मध्य प्रांत (मराठी) आणि वऱ्हाड यांच्या वेगळ्या समित्या झाल्या. मुंबई शहराची समितीही स्वतंत्र राहिली.

४. अधिवेशनातील प्रतिनिधींची संख्या लोकसंख्येशी बांधली गेली : दर ५०,००० लोकांमागे एक. नागपूरला चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमाची गरज कळते.

५. अखिल भारतीय समिती ३५० सभासदांची झाली आणि दैनंदिन कारभारासाठी १५ जणांची कार्यसमिती नेमण्याचे ठरले.

या रचनेची कसोटी लगेच लागली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य निधीसाठी एक कोटी रुपये जमवण्याचे उद्दिष्ट पूर्ण झाले. तळापर्यंत पोहोचलेल्या समित्यांशिवाय हे अवघड होते. पण फेब्रुवारी १९२२ मध्ये दुसरी बाजूही दिसली. चौरीचौरा येथील हिंसेनंतर बारडोलीत भरलेल्या कार्यसमितीने सामुदायिक कायदेभंग स्थगित केला. गावोगाव राबणाऱ्या कार्यकर्त्यांना हा निर्णय झाल्यावर कळला. अनेक नेते तेव्हा तुरुंगात होते. पुढे दिल्लीत अखिल भारतीय समितीच्या बैठकीत त्यावर कडक टीका झाली, तरी चळवळ थांबली ती थांबलीच.

म्हणजे एकाच घटनेने दार रुंद केले आणि सुकाणू मोजक्या हातांत दिले. पहिल्यामुळे चळवळ उभी राहिली. दुसऱ्यामुळे ती एका बैठकीत थांबवता आली. कार्यसमितीला जाब विचारण्याची जागा घटनेत होती, पण तिची पाळी निर्णयानंतर येत होती.

विचार करा : तुमच्या महाविद्यालयातील एखाद्या मंडळाची घटना लिहायची झाली, तर कोणते निर्णय तुम्ही पंधरा जणांवर सोपवाल, आणि कोणते सर्व सभासदांना विचारल्याशिवाय घेऊ देणार नाही?