ससाणे मळ्यातील शुश्रूषा

विरारच्या मनवेलपाड्यापासून गडचिरोलीच्या टोकापर्यंत दरवर्षी ३ जानेवारीला शाळाशाळांतून सावित्रीबाई फुले यांच्यावर भाषणे होतात. बहुतेक भाषणांचा शेवट सारखाच असतो : प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, त्यातून त्यांनाही प्लेग झाला आणि त्या गेल्या. अशा वेळी एखादे चौकस मूल विचारील, "बाई, रोग्याला उचलले की प्लेग होतो का?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर तसे सरळ नाही. ते शोधताना सावित्रीबाईंच्या कामाची खरी किंमत कळू लागते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९७ च्या सुरुवातीला साथ पुण्यात फोफावली. जांघेत किंवा काखेत गाठ येई, ताप चढे आणि काही दिवसांतच माणूस दगावे. सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. जोतीराव जाऊन सहा वर्षे झाली होती. दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होऊन लष्करात नोकरीला होता. आईच्या सांगण्यावरून तो पुण्यात आला आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात, गावाबाहेर, मायलेकरांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला.

सेवेचे काम सावित्रीबाईंना नवे नव्हते. १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा तेथील बाळंतिणींची आणि तान्ह्या मुलांची देखभाल त्यांनीच केली. १८७७ च्या दुष्काळात त्या जुन्नर भागात अन्नछत्राच्या कामात होत्या. परिचारिकेचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्या काळी पुण्यातल्या मराठी स्त्रीला ते सहजी मिळण्यासारखेही नव्हते. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने ती वाट पुढे खुली केली. सावित्रीबाई मुळात शिक्षिका. गरज दिसली तेव्हा त्या शुश्रूषेला उभ्या राहिल्या.

त्या वेळी वैद्यकाजवळ काय होते? १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला होता. मुंबईत हाफकिन यांनी तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच टोचून घेतली होती. पण लस रोग टाळण्यासाठी असते, झालेला रोग तिने बरा होत नाही. प्लेगवर चालणारे स्ट्रेप्टोमायसीन हे औषध सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. म्हणजे ससाणे मळ्यात रोग्याला देण्यासारखे होते ते पाणी, पेज, स्वच्छ अंथरूण, तापाच्या कपाळावर ओली घडी आणि जवळ बसणारे माणूस. हे थोडे वाटेल, पण गाठीच्या प्लेगमध्ये औषधाविनाही काही रोगी जगतात. साधारण शंभरातले तीस ते साठ दगावतात, बाकीचे वाचू शकतात. तापाने कोरड्या पडलेल्या, उठता न येणाऱ्या माणसाला वेळेवर पाणी मिळणे ही अशा वेळी लहान गोष्ट नसते.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. गाठीचा प्लेग नुसत्या स्पर्शाने सहसा होत नाही. तो मुळात उंदरांचा रोग. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरा आसरा शोधतात आणि माणसाला चावतात. हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले. त्यावरही पुष्कळांचा विश्वास बसला नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामामुळे ते सर्वमान्य झाले. (फुप्फुसाचा प्लेग मात्र रोग्याच्या श्वासातून, खोकल्यातून थेट पसरतो.)

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. उघड्या मळ्यातला दवाखाना हा दाट वस्तीपासून, म्हणजेच उंदरांपासून दूर होता. पिसवांचे कारण ठाऊक नसतानाही मायलेकरांनी निवडलेली जागा योग्यच होती. खरा धोका होता तो रोग्यांच्या घरांत. उंदीर पडलेल्या घरात शिरायचे, रोग्याला त्याच्या कांबळ्यासकट उचलायचे आणि घेऊन यायचे, हे सर्वांत जोखमीचे काम. सावित्रीबाई नेमके तेच करीत होत्या. मुंढव्याच्या महार वस्तीतील गायकवाड यांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर आणले, असे चरित्रकार सांगतात. तो मुलगा वाचला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या.

त्याच सुमारास पुण्यात दुसरा एक उपाय सुरू होत होता. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला मोठे अधिकार मिळाले आणि मार्चच्या मध्यापासून रँड यांच्या देखरेखीखाली गोरे सैनिक घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. रोग्याला वेगळे ठेवणे या कल्पनेत चूक नव्हती. मळ्यातल्या दवाखान्यातही तेच होत होते. पण सैनिकांच्या धाकाने लोक रोगी लपवू लागले. रोगी नेण्यासाठी दारात कोण येते, यावरही साथीचा उपाय चालणार की फसणार हे ठरते. हाच १८९७ चा कायदा २०२० मध्ये कोविडच्या साथीत आपल्या देशात पुन्हा वापरला गेला, तेव्हा हा प्रश्नही पुन्हा आपल्यापुढे आला.

म्हणून मुलाला उत्तर देताना असे सांगता येईल : "उचलण्यामुळेच झाला असे नाही. बहुधा त्या घरांतल्या पिसवांमुळे झाला असावा. पण सावित्रीबाईंना तेव्हा हे ठाऊक नव्हते, जगात कोणालाच नीट ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच दिसत होते की जो जवळ जातो तो मरू शकतो. तरी त्या जवळ गेल्या."

यशवंतरावही पुढे प्लेगच्याच साथीत रोग्यांची सेवा करताना गेले. पुढच्या ३ जानेवारीला भाषणानंतर मुलांना जवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेला भेटू द्या. साथीच्या रोग्याजवळ जाताना आज ती कोणती काळजी घेते, हे मुलांनी तिलाच विचारावे. मुखपट्टी, हातमोजे, हात धुणे, लस : यांतली एकेक गोष्ट सावित्रीबाईंच्या वेळी कोणती होती आणि कोणती नव्हती, याची यादी मुलांकडून फळ्यावर करून घ्यावी.