वर्गातील रोबॉट आणि आकारिक मूल्यमापन

शिकणे चालू असतानाच विद्यार्थ्याचे आकलन तपासून पुढचे अध्यापन त्यानुसार बदलणे, म्हणजे आकारिक मूल्यमापन. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये आकारिक व संकलित (शिकणे संपल्यावरचे) मूल्यमापन हा भेद मांडला. त्याच वर्षी सीमोर पॅपर्ट व सहकाऱ्यांनी लोगो ही संगणकभाषा घडवली आणि पुढे तिच्या आज्ञांवर जमिनीवर चालणारा ‘कासव’ हा रोबॉट आला. समभुज त्रिकोण काढायला सांगितला की अनेक मुले कासवाला ६० अंशांचे वळण देतात, कारण त्रिकोणाचा आतला कोन तेवढा असतो. वळायचे असते बाहेरच्या कोनातून, १२० अंशांनी. ६० दिल्यास तीन बाजूंनंतर अर्धा षट्कोन उमटतो.

रोबॉट चूक स्वतःच दाखवतो, मग शिक्षकाने वेगळे काय तपासायचे, असा आक्षेप घेतला जातो. तो अपुरा आहे. रोबॉट चूक दाखवतो, चुकीचे कारण नाही; आकडे बदलत बदलत मूल १२० पर्यंत पोहोचते आणि कोनाची समज होती तिथेच राहते. शिवाय चाक घसरले किंवा बॅटरी उतरली, तर बरोबर विचारही चुकीचा दिसतो. म्हणून आज्ञा देण्याआधी ‘रोबॉट कुठे थांबेल आणि का?’ हे प्रत्येकाकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. पाच-सहा मुलांत एकच रोबॉट असतो, वेळ पुरत नाही, ही अडचण खरीच आहे. पण गटात गप्प बसणाऱ्या मुलाचा विचार शिक्षकापर्यंत पोहोचतो तो याच चिठ्ठीतून. या चिठ्ठ्यांना गुण मात्र देऊ नयेत. गुणांची धास्ती बसली की मुले स्वतःचा अंदाज लिहायचे टाळतात.