राजसत्तेविरुद्धचे लोकउठाव : पनवेल ते मराठवाडा

राजाच्या किंवा राणीच्या नावाने चालणारा कारभार प्रजेने एकजुटीने झुगारून देणे, म्हणजे राजसत्तेविरुद्धचा लोकउठाव. याची उदाहरणे द्यायची तर पॅरिस आणि पेट्रोग्राड आठवण्याची आपल्याकडे रीत आहे. पनवेलकराला इतके लांब जाण्याचे कारण नाही. गोव्याच्या रस्त्याला लागले की पळस्प्यानंतर लगेच शिरढोण येते, वासुदेव बळवंत फडक्यांचे गाव. पुढे पालीकडे वळले तर जुन्या भोर संस्थानाचा मुलूख, अलिबागला आंग्र्यांचा, आणि त्याच्या खाली मुरूडला नवाबाचा जंजिरा. पनवेल स्वतः पेशवाई बुडाली तेव्हापासून, १८१८ पासून, इंग्रजांकडे. गाद्या निरनिराळ्या, धर्म निरनिराळे. रयतेची गाऱ्हाणी मात्र जवळपास सारखीच.

ती गाऱ्हाणी सिंहासनाविषयी क्वचितच असत. दुष्काळातही न सुटणारा सारा, फुकट राबवून घेणारी वेठ, सावकाराकडे पडलेले गहाणखत, खळ्यावर भात मोजून नेणारा खोत, ही त्यांची यादी. कोकणातल्या कुळाने राजा पाहिलेला नसे, खोत मात्र दर हंगामात दारात उभा असे. त्यामुळे उठाव पेटला की पहिली झळ बसे ती कागदांना. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे काढून जाळली. १७८९ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधले शेतकरी जमीनदारांच्या हक्कांची बाडे जाळत होते, तेव्हा त्यांचे राजाशी अजून भांडण नव्हते. कित्येकांना तर आपण राजाच्याच मर्जीने वागतो आहोत असे वाटत होते.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली. त्याच महिन्यांत दख्खनेत माणसे अन्नावाचून मरत होती. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करणाऱ्या फडक्यांनी तो दुष्काळ गावोगाव फिरून पाहिला आणि १८७९ मध्ये रामोशांना बरोबर घेऊन बंड उभारले. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांची टोळी कोकणात उतरली आणि तिने पळस्पे लुटले. आज जिथे महामार्गाच्या फाट्यावर गाड्यांची रांग लागते, तेच हे पळस्पे. सरकारने फडक्यांच्या डोक्यावर इनाम लावले, तर त्यांनी गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांच्या डोक्यावर उलट इनाम लावले. जुलैत ते पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात वारले. बंड काही महिन्यांत मोडले, पण कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीचा दख्खन कायदा त्याच १८७९ सालचा आहे. त्याचे श्रेय सुप्याच्या दंग्याला अधिक जाते हे खरे. तरी सरकार किती धास्तावले होते, ते या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय कळत नाही.

जंजिऱ्याचा शेवट याहून वेगळा झाला. जो जलदुर्ग शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना घेता आला नाही, त्याच्या धन्याने स्वातंत्र्यानंतर साडेपाच महिन्यांत हात टेकले. जानेवारी १९४८ च्या अखेरच्या आठवड्यात महाडकडचे नानासाहेब पुरोहित, तरुण मोहन धारिया आणि त्यांचे साथीदार संस्थानात शिरले आणि म्हसळ्याकडून मुरूडपर्यंत जाऊन धडकले. ३१ जानेवारी हा तिकडे जंजिरा मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. किल्ल्यावर तोफ डागावी लागली नाही, कारण सत्ता तोवर किल्ल्यातून निघून मुरूडच्या कचेऱ्यांत येऊन बसली होती.

आदल्याच दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला होता. मारेकरी ब्राह्मण होता, म्हणून त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे पेटली. ‘अठ्ठेचाळीसचे जळीत’ म्हणून गावोगाव अजून त्याची आठवण निघते. सांगली, मिरज, औंध, भोर या गाद्या ब्राह्मण राजांच्या होत्या, हा तपशील इथे विसरून चालत नाही. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली बहुतेक छोटी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. खेड्यातली अनेक ब्राह्मण कुटुंबे जमिनी विकून किंवा तशाच टाकून पुण्या-मुंबईला गेली. यात औंधवर जरा अन्यायच झाला म्हणायचा. तिथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कोणी उठाव करण्याची वाट न पाहता १९३९ मध्येच कारभार गावपंचायतींच्या हाती दिला होता.

हैदराबादची गोष्ट सर्वांत मोठी. मराठवाड्याचे पाच जिल्हे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या अमलात होते आणि राज्यातली सुमारे चार दशांश जमीन जहागिरी व सर्फेखास, म्हणजे निजामाच्या खासगी मुलखात, अडकलेली होती. शाळा-कचेरीची भाषा उर्दू. सभा घ्यायची तर ‘गश्ती ५३’ या फर्मानाप्रमाणे आधी परवानगी. स्टेट काँग्रेसवर तर १९३८ मध्ये जन्मण्याआधीच बंदी आली. त्याच वर्षी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकलेली मुले नागपूरला जाऊन शिकली.

स्टेट काँग्रेसचे स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्या पुढाकाराने १९४७-४८ मध्ये जे झाले, त्यात बंदुकीइतकेच काम कुऱ्हाडीने केले. शिंदीच्या झाडांवर सरकारला अबकारी उत्पन्न मिळे, म्हणून लोकांनी रात्रीतून शिंदीची बने तोडली. सरहद्दीवरचे करोडगिरी, म्हणजे जकात, नाके जाळले. पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे दिले, आणि ज्यांनी दिले नाहीत त्यांच्या दप्तरांना काडी लागली. पुन्हा तेच कागद. समोर निजामाच्या बाजूने लढणारे, लातूरचे वकील कासिम रझवी यांचे सशस्त्र रझाकार होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली.

पुढचे महिने अभिमानाने सांगण्यासारखे नाहीत. सूड उगवला गेला तो मुख्यतः गरीब मुसलमानांवर. सरकारने चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार केला आणि तो अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला. ज्याच्याविरुद्ध लढा झाला, तो निजाम मात्र २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत त्याच राज्याचा राजप्रमुख होता, तनखा वर्षाला ५० लाख. नेपाळात २००८ मध्ये राजेशाही गेली तेव्हा ग्यानेंद्र यांना राजवाडा सोडावा लागला. आपल्याकडे तनख्यांनाच १९७१ पर्यंत धक्का लागला नाही. गादीखालची जमीन मात्र लवकर सरकली. हैदराबाद राज्यात १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० मध्ये कुळांसाठी कायदा आला. औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय त्याच वर्षी उघडले, आणि मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ १९५८ मध्ये झाले.

गोमंतकाला तर राजा हटल्याचा लाभ न लढता मिळाला. ५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमध्ये प्रजासत्ताक आले, राजा मानुएल पळाला, पुढच्या वर्षी चर्च आणि सरकार वेगळे झाले. गोव्यातल्या हिंदूंना नोकऱ्यांच्या आणि शिक्षणाच्या वाटा खुल्या झाल्या, मराठी पत्रांना बहर आला. भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारा मुंडकार मात्र होता तिथेच राहिला. त्याच्या घराला संरक्षण देणारा कायदा १९७५ चा, म्हणजे पोर्तुगीज गेल्यानंतरही चौदा वर्षांनी.

इकडे कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात कुळांनी राजा जाण्याची वाट पाहिली नव्हती. अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असे ठरवले आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कायद्याने कुळे मालक झाली. पनवेल-उरणच्या आगरी शेतकऱ्यांच्या सातबारावर स्वतःची नावे चढली ती या कायद्यांमुळेच. पुढे १९७० नंतर नव्या मुंबईसाठी त्याच जमिनी संपादनात गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या मागे हे शेतकरी रस्त्यावर उतरले तेव्हा, जानेवारी १९८४ मध्ये, उरण तालुक्यात झालेल्या पोलिस गोळीबारात पाच जण मेले. विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के मूळ मालकाला परत देण्याची योजना त्या आंदोलनातून आली.