रेघेचे नव्हे, नोंदीचे कूळ

बीआयएम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, हे ड्रॉइंग बोर्डाचे वंशज मानले जाते. पेन्सिल गेली, संगणकावरची रेघ आली, मग त्रिमिती चित्र आले. ही वंशावळ मला चुकीची वाटते. चार्ल्स ईस्टमन यांनी 1975 साली अमेरिकी वास्तुविशारदांच्या नियतकालिकात लेख लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच रेखाचित्रांऐवजी संगणक वापरण्याची भाषा होती. एकच भिंत प्लॅनमध्ये, सेक्शनमध्ये आणि एलिव्हेशनमध्ये पुन्हापुन्हा काढावी लागते, एक बदल झाला की सगळे कागद दुरुस्त करावे लागतात आणि एखादा राहून जातो, ही त्यांची अडचण होती. त्यावर त्यांचा उपाय असा, की प्रत्येक घटकाची नोंद एकदाच, एकाच ठिकाणी करायची आणि हवी ती चित्रे तिच्यातून काढून घ्यायची. आज रुळलेले नाव 1992 साली व्हॅन नेदरवीन आणि टोलमन या डच संशोधकांच्या लेखात आले, आणि त्यातही ‘माहिती’ हा शब्द मधोमध आहे.

हे कूळ ध्यानात घेतले की बांधकामावर नेमके काय बदलले ते कळते. पूर्वी आरसीसी, प्लंबिंग, वातानुकूलन आणि विजेची ड्रॉइंगे वेगवेगळ्या सल्लागारांकडून येत. डक्ट बीमला आडवा येतो हे अनेकदा बीम भरून झाल्यावरच दिसे. मग कोअर कटिंग, खाली उतरलेले सीलिंग, कंत्राटदाराचे जादा बिल, आणि चूक कोणाची यावरचा वाद. आता मॉडेल समन्वयक या सगळ्यांची मॉडेले एकत्र करून अशा टकरींची यादी आधीच काढतो आणि प्रत्येक टकरीपुढे जबाबदार माणूस व तारीख लिहितो. काम थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे सहसा नसतो, पण वादाची वेळ तो बदलतो. बीममध्ये स्लीव्ह सोडायची तर डक्टचा मार्ग काँक्रीट पडण्याआधी ठरायलाच हवा. म्हणून जो उपकंत्राटदार पूर्वी शेवटी येई, त्याला आता सुरुवातीच्या बैठकीत बसावे लागते. व्यवस्थापनातला खरा पालट मला इथे दिसतो.

यावर आक्षेप असा, की बऱ्याच कामांत मॉडेल ड्रॉइंगांनंतर, केवळ निविदेची अट म्हणून बनते. करारात वजन सही केलेल्या कागदालाच असते. हे खरे आहे. पण तिथे मॉडेलला चित्र मानले जाते, म्हणूनच जुनी रीत टिकते. याउलट ब्रिटिश सरकारने 2011 साली बांधकाम धोरण जाहीर केले आणि 2016 पासून केंद्र सरकारच्या कामांना बीआयएम बंधनकारक केले. तिथे मागणी सामायिक माहितीची होती. नागपूर मेट्रोनेही त्रिमिती मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडला. दुसरा आक्षेप अनुभवी मिस्त्रीचे ज्ञान बाजूला पडण्याचा आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. पाइप बसतो एवढे मॉडेल दाखवते. व्हॉल्व्ह उघडताना पाना फिरवायला किती जागा लागते, हे कोणीतरी आधी त्यात भरावे लागते. तो आकडा ज्याने पाना फिरवला आहे त्यालाच विचारावा लागतो.