आरंभ कुठून धरायचा?

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यावर तारीख अशी: वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे 19वे वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पंधरवडा, तेरावा दिवस. तिन्ही आकडे अक्षरी आणि अंकी, चेकवर रक्कम लिहितात तसे. नवा राजा गादीवर आला की गणती पुन्हा एकपासून.

दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. वर्षे 41, 42 आणि 45. पण कशापासूनची? ते लिहिलेले नाही. शक धरला तर 42मध्ये 78 मिळवून इ.स. 120 येते; नहपानाचे राज्यवर्ष धरले तर हिशेब पार बदलतो. विद्वानांचा वाद त्यावरच आहे. दगड शाबूत, आकडा वाचता येतो, आरंभ तेवढा गायब. एक्सेलमध्ये हा घोळ आजही होतो. तिथे तारीख म्हणजे दिवसांचा निव्वळ क्रमांक. विंडोजवर तो 1900पासून, जुन्या मॅकवर 1904पासून. एका फाइलमधली तारीख उचलून दुसरीत चिकटवली की ती 1462 दिवसांनी सरकू शकते.

ज्योतिष्यांना असली ढिलाई परवडत नव्हती. ग्रहगणिताला महिने-तिथी नकोत, सलग दिवस हवेत. म्हणून अहर्गण: ठरलेल्या दिवसापासून उलटलेले एकूण दिवस. कलियुगारंभापासून मोजायचे तर आकडा सतरा लाखांच्या घरात जायचा. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442 (इ.स. 1520) हा आरंभ धरून ‘ग्रहलाघव’ रचला आणि त्यात अकरा-अकरा वर्षांची चक्रे पाडली. चक्रे वेगळी मोजायची, उरलेले दिवस 4016च्या आतच राहतात. हाताने गुणाकार-भागाकार करणाऱ्यावर केवढे उपकार!

युनिक्स या संगणक-प्रणालीचा अहर्गण सेकंदांचा आहे. आरंभ 1 जानेवारी 1970, ग्रीनिचची मध्यरात्र. महिना, वार, भारताचे साडेपाच तास हे सगळे दाखवण्यापुरते, मागाहून काढलेले. म्हणूनच तारीख हरवलेल्या फाइलवर आपल्याकडे कधीकधी 1970मधली पहाटेची साडेपाचची वेळ दिसते: आतला आकडा शून्य असतो.

हा आकडा आधी 32 बिटांच्या खणात ठेवत. त्यात 2,14,74,83,647 पर्यंतच मावते. ती मर्यादा 19 जानेवारी 2038 रोजी सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी गाठली जाईल, आणि पुढच्याच सेकंदाला असे यंत्र डिसेंबर 1901 दाखवू लागेल. नव्या यंत्रांत खण 64 बिटांचा केला आहे. कारखान्यांतली, मीटरांतली जुनी यंत्रे मात्र एकेक करून तपासावी लागतील.