माप, व्याज आणि चौलचे व्यापारी

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका चौलापाशीं समुद्रास मिळते. या चौलास अरब लोक सैमूर म्हणत. हिजरी ३०४ मध्यें, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, मसूदी तेथें आला. झंझ शिलाहाराच्या अमलांत सुमारें १०,००० मुसलमान तेथें नांदत असल्याचें तो लिहितो. सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले बहुतेक व्यापारीच. आणि त्यांचा धर्म तर नफ्याचाच कान धरणारा! व्याज निषिद्ध. सांठविलेल्या धनाचा चाळिसावा भाग गरिबाच्या हक्काचा, तीच जकात. (नाक्यावरच्या करास आपण तेंच नांव दिलें, ही शब्दाची विटंबनाच होय.) कारूनाच्या कथेंत गर्विष्ठ धनिक वाड्यासह भूमींत गडप होतो. पण आमच्या मतें खरी मेख मापांत आहे. कुराणाच्या ८३ व्या अध्यायाचें नांवच माप मारणाऱ्यांवरून पडलें आहे. घेतांना पुरतें घेऊन देतांना तूट देणाऱ्यांचा तेथें धिक्कार केला आहे. व्याज वहींत तरी दिसतें. पायलीच्या कांठावरून फिरणारा हात कोण पाहतो? पेण-रोह्याच्या भातपट्टींतील वाचकास हें सांगावयास नको. या व्यापाऱ्यांचे व्यवहार ज्याच्यापुढें जात, तो ‘हुनरमन’ त्यांच्यांतलाच असे. मात्र त्यास नेमी हिंदु राजा.