लिहून घेणारे हात

पारोळ्याचा इतिहास म्हटला की आपल्याला भुईकोट किल्ला आणि बालाजीचे मंदिर आठवते. पण गेल्या शतकात आपल्या तीन बाजूंना आणखी एक इतिहास घडला. उत्तरेला अमळनेर, पश्चिमेला धुळे, पूर्वेला जळगावजवळचे आसोदे. साध्या माणसांत आणि रोजच्या कामात देव पाहण्याचा तो इतिहास आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने तो थोडक्यात मांडते.

अमळनेरला प्रतापशेठ यांच्या दातृत्वातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. १९२३ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण तिथे अभ्यासासाठी आला. पुढच्याच वर्षी तो गावातल्या हायस्कुलात शिक्षक झाला आणि वसतिगृहातल्या मुलांत रमला. मुले वर्गात गेली की साने गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, पसरलेले कपडे घडी करून ठेवत. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत जे शोधायला ते आले होते, ते बहुधा त्यांना या खोल्यांमध्ये सापडले असावे. त्याच मुलांसाठी ते हाताने लिहून रोज ‘छात्रालय’ दैनिक काढत.

१९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे त्यांच्यासोबत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबांनी कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. दहाव्या अध्यायावर बोलताना त्यांनी शाळेतलेच उदाहरण घेतले. मूल जसे आधी मोठी, सोपी अक्षरे शिकते आणि मग जोडाक्षरांकडे वळते, तसा देवही आधी आईसारख्या जवळच्या माणसांत पाहावा आणि मग अवघड जागी ओळखायला शिकावे, असा त्याचा आशय. विनोबा बोलत होते आणि साने गुरुजी भराभर लिहून घेत होते. म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हाती आहे.

तिसरी गोष्ट बहिणाबाई चौधरींची. जन्म १८८०, आसोदे. त्यांनी शाळेचा उंबरठा पाहिला नव्हता. ऐन तिशीत वैधव्य आले. शेत, चूल आणि जाते हेच त्यांचे जग, आणि त्या जगाबद्दलच त्या गात राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि एक नातेवाईक ती गाणी कागदावर उतरवत. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. मी इंजिनिअर झाले तेव्हा आपल्या विद्यापीठाचे नाव नुसते ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ होते. २०१८ पासून त्याला बहिणाबाईंचे नाव आहे. ज्यांना सही करता येत नव्हती, त्यांचे नाव आता आपल्या मुलांच्या पदवीवर छापले जाते.

माझे सगळे काम संगणकावरचे. जे साठवले नाही ते गेले, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. म्हणून या इतिहासात मला लिहून घेणारे हात आधी दिसतात. बोलणारे मोठे होतेच. पण शेजारी कोणी कागद घेऊन बसले नसते, तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतीत आणि जात्याच्या घरघरीत विरून गेले असते. दुसऱ्याचे बोलणे इतक्या मन लावून ऐकणे हीसुद्धा मला एक पूजाच वाटते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी माय, आजी अजून अहिराणी बोलतात. पहाटे दळताना म्हटलेल्या ओव्या त्यांना आठवतात. जाते कधीच कोपऱ्यात गेले. गिरणी आली, मग पिठाची पिशवी आली. ओव्या मात्र त्यांच्या ओठांवरच राहिल्या, आणि त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. शाळेची घंटा देणारे शिपाईदादा, फाटकाबाहेर बोरे-चिंचा विकणाऱ्या आजी, यांची आयुष्ये तर कुठेच नोंदलेली नाहीत.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, स्नेहमेळाव्याहून घरी गेलात की एक काम करा. खिशातला फोन काढा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि मायजवळ बसा. ‘तुला काय काय आठवतं?’ एवढेच विचारा आणि गप्प राहा. आलेल्या ओव्या, म्हणी, गोष्टी माझ्याकडे पाठवा. त्या नीट लावून, लिहून काढून शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्याचे काम मी करीन.